लाथेचं आधी सांगा, आंघोळीचं नंतर बघू

पत्र : माझी घोडी नऊ वर्षांची आहे. आठवड्यातून चार दिवस रपेटीला जाते. अंगावर अस्वलासारखे केस आलेत आणि रपेटीहून आल्यावर दोन-दोन तास वाळत नाही. यंदा पहिल्यांदाच क्लिपिंग करणाऱ्या, म्हणजे मशीननं अंगावरचे केस कापणाऱ्या, व्यावसायिक बाईंना बोलावलंय, त्या तीन आठवड्यांनी येतील. सगळं अंग साफ करून घ्यायचा विचार आहे. दोन वर्षांपूर्वी एक ओळखीचे गृहस्थ मशीन घेऊन आले होते. मान, खांदा छान झालं, कुशीपर्यंत (बरगड्या आणि मागची मांडी यांच्या मध्ये) पोचले आणि तिनं दोर तोडला, त्यांच्या मांडीवर लाथ बसली. हे या बाईंना सांगावं का? सांगितलं तर त्या येणारच नाहीत अशी भीती वाटते. शिवाय आंघोळ घालायची की नुसता खरारा पुरे? एका मैत्रिणीकडे गुंगीच्या गोळ्या उरल्या आहेत, त्या देऊन ठेवू का? — अस्वलाची मालकीण

अस्वलाच्या मालकीणबाई,

सांगा. हे वाचून झालं की फोन उचला आणि सांगा. लाथ कुठल्या पायाची होती, मशीन नेमकं कुठे होतं, किती वेळ ती शांत उभी होती, दोर कसा तुटला, सगळं सांगा. जी बाई वर्षाला कितीतरी घोडे क्लिप करते तिला लाथ मारणारा घोडा नवीन नसतो. तिला धास्ती असते ती ‘अगदी गरीब आहे हो, काही करत नाही’ म्हणून पुढे केलेल्या घोड्याची. मागच्या पायाच्या आतल्या बाजूचे केस काढताना तिला वाकावं लागतं, आणि तेव्हा तिचा चेहरा तुमच्या घोडीच्या खुरापासून हातभर अंतरावर असतो. तिथे ती वाकते ती तुमच्या शब्दावर.

खरं सांगितलं तर बहुधा ती आणखी चार प्रश्न विचारेल. सकाळची वेळ देईल, कमी आवाजाचं बिनवायरचं मशीन आणेल, किंवा ‘व्हेटना (जनावरांच्या डॉक्टरांना) बोलावून ठेवा’ म्हणेल. आणि नाहीच म्हणाली, तर तीन आठवडे आधी म्हणालेलं बरं. अर्धी घोडी क्लिप झाल्यावर सामान आवरून निघून गेली तर तुम्ही काय करणार?

त्याच फोनवर कातडीचंही सांगून टाका. गोल टकलासारखे चट्टे, खपल्या, पावसात भिजून उठलेले फोड यातलं काहीही असेल तर आधी व्हेटला दाखवा, क्लिपिंग पुढे ढकला. गजकर्ण ब्लेडबरोबर एका तबेल्यातून दुसऱ्यात जातं. आणि तुमच्याकडे येणारी ब्लेडही आधी कुठेतरी फिरून आलेली असते, तेव्हा ‘ब्लेड निर्जंतुक करून आणता ना?’ हे विचारायला संकोचू नका. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता मला तुमच्या पत्रातलं खरं महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. ‘मान, खांदा छान झालं, कुशीपर्यंत पोचले.’ म्हणजे घोडी मशीनच्या आवाजाला घाबरली नव्हती. आवाजाला बिथरणारा घोडा पहिल्या मिनिटाला बिथरतो, अर्ध्या तासानं नाही. मग त्या अर्ध्या तासात काय बदललं? मी पैज लावत नाही, पण माझा संशय ब्लेडवर आहे. क्लिपरमध्ये दोन पात्यांचे दाते एकमेकांवर घासत असतात. वरचेवर तेल घातलं नाही, मध्ये थांबून थंड होऊ दिलं नाही, की ब्लेड चटका बसेल इतकी तापते. त्यात केस मळलेले असतील तर ती लवकर बोथट होते, आणि बोथट ब्लेड केस कापत नाही, ओढते. अशी तापलेली, ओढणारी ब्लेड खांद्यावरून फिरत फिरत कुशीत आली. कुशीची कातडी पातळ आणि सैल, तिथे केसांचा भोवरा असतो, वर ती जागा गुदगुल्यांची. तुमच्या घोडीनं तिच्या परीनं तक्रार केली. त्याआधी तिनं शेपूट झटकली असेल, कातडी थरथरवली असेल, मागे वळून पाहिलं असेल. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

म्हणून तुमचा आंघोळीचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

एक करून बघा. घोडीच्या पुठ्ठ्यावर बोटांची टोकं केसांच्या उलट्या दिशेनं घुसवा, पार कातडीपर्यंत, आणि चार-पाच वेळा घासून बोटं बघा. वरून कोट चकाकत असेल, पण बोटांवर राखाडी, चिकट थर येईल. नखांत पांढरा कोंडा भरेल. घाम, तेल, माती यांचं हे मिश्रण केसांच्या मुळाशी बसलेलं असतं आणि ब्लेड नेमकी तिथूनच जाते. वरवरच्या ब्रशनं ते हलत नाही.

आंघोळ घालता येण्यासारखं हवामान असेल तर घालाच, पण आदल्या दिवशी आणि तीही सकाळी. कोमट पाणी, घोड्यांचा शाम्पू, आणि रबरी खराऱ्यानं गोल गोल चोळत मुळापर्यंत फेस न्यायचा. मग धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, आणि स्वच्छ यायला लागल्यावर आणखी एकदा धुवायचं. राहिलेला शाम्पू वाळून पांढरी भुकटी होते आणि मळाइतकाच त्रास देतो. पाणी निथळवून घ्या, टॉवेलनं पुसा, वारा नसलेल्या जागी अंगावर ओल शोषणारी झूल घालून ठेवा. थंडीचा कोट वाळायला अर्धा दिवस सहज जातो. रात्री स्वच्छ सुती झूल आणि कोरडं, नवं अंथरूण. ती लोळणारच आहे, निदान स्वच्छ जागेत लोळू दे.

‘सकाळी’ वर माझा एवढा जोर का, तर माझी फजिती झालेली आहे. माझ्याकडे एक करडा घोडा होता. आदल्या दिवशी संध्याकाळी, काम संपवून, मोठ्या उत्साहानं त्याला धुतला. सकाळी पाठ, मान, पुठ्ठा सगळं रेशमासारखं. क्लिपिंगवाल्या बाई आल्या, काही न बोलता त्याच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे हात घातला, मग पोटाखाली, आणि मशीन पेटीत परत ठेवलं. मी हात लावून बघितला तर तिथे अजून ओल होती. ओले केस ब्लेडमध्ये गुंततात, नीट कापले जात नाहीत, अंगभर नांगरल्यासारख्या रेघा उठतात. बाईंनी येण्याजाण्याचे पैसे घेतले, ते बरोबरच होतं. तेव्हापासून मी कोपरामागे, पोटाखाली आणि मांड्यांमध्ये हात घातल्याशिवाय कुठल्याही घोड्याला ‘वाळला’ म्हणत नाही.

फार थंडी असेल तर आंघोळीचा नाद सोडा. चार दिवस रोज मन लावून खरारा करा. रबरी खराऱ्यानं मळ सोडवायचा, राठ ब्रशनं उडवायचा, पुन्हा खरारा. शेवटच्या दिवशी गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या टॉवेलनं एकेक वीत जागा उलट-सुलट पुसून काढायची. टॉवेल काळा पडतो, धुवायचा, पिळायचा, पुढची वीत. काम कंटाळवाणं आहे, पण त्याचा फायदा होतो. केस निसरडे करणारे स्प्रे मिळतात, काही क्लिपिंग करणाऱ्यांना ते आवडतात, काहींना अजिबात नाही. बाईंना विचारून मारा, आणि खोगिराखालच्या जागेवर मारू नका, खोगीर सरकतं.

आता घोडीची तयारी. कारण ब्लेड दोषी होती असं धरलं तरी घोडी ते विसरलेली नाही. घोड्याला अशा गोष्टी चांगल्या लक्षात राहतात. मशीनचा आवाज आणि कुशीतली कळ हे तिच्या डोक्यात आता जोडीनं राहतात. ती जोडी सोडवणं तुमचं काम आहे, बाईंचं नाही. त्या केस कापायला येताहेत, घोडी शिकवायला नाही. तीन आठवडे आहेत, ते पुरेसे आहेत, पण उद्यापासून लागलात तर.

दाढीचं जुनं ट्रिमर घ्या. केस कापायचे नाहीत, फक्त गुणगुणणारं काहीतरी हवं. घोडी मोरकीत, दोर तुमच्या हातात, कशालाही बांधलेली नको. दहा-बारा पावलांवरून कुणाला तरी ते सुरू करायला सांगा आणि तुम्ही फक्त घोडीकडे बघा. मान वर जाईल, दोन्ही कान तिकडे रोखले जातील, आणि क्षणभर श्वास थांबेल. नाकपुड्या बघितल्यात तर श्वास थांबलेला दिसतो. तिथेच थांबा, पुढे येऊ नका, मागेही जाऊ नका. थोड्या वेळानं एक कान सैल होऊन बाजूला वळेल. मग मोठा उसासा, मान खाली, जीभ ओठांवर फिरेल. त्या क्षणी ट्रिमर बंद.

सगळी मेख या बंद करण्यात आहे. ती झटका देते म्हणून घाबरून तुम्ही बंद केलंत, तर ती शिकली की झटका दिला की आवाज थांबतो. पुढच्या वेळी मोठा झटका देईल. शांत झाल्यावर बंद केलंत तर शिकते की शांत उभं राहिलं की थांबतो. ती घाबरलीच तर अंतर वाढवा, आवाज चालू ठेवा, एक उसासा येऊ द्या, मग बंद. रोज दहा मिनिटं, जमलं तर सकाळ-संध्याकाळ. तासभर एकदम करून काही मिळत नाही, दोघी चिडता.

पहिल्या आठवड्यात आवाज खांद्याजवळ आला तरी पुष्कळ झालं. दुसऱ्या आठवड्यात बंद ट्रिमरची पाठ मानेवर, खांद्यावर, पाठीवर फिरवा, खरारा करता तशी निवांत. मग चालू करून आपल्या तळहाताच्या मागच्या बाजूला टेकवा आणि तळहात घोडीच्या अंगावर ठेवा. थरथर तुमच्या हातातून तिच्यापर्यंत जाते, आणि तुमचा हात तिच्या ओळखीचा आहे. कुशीकडे जायचं ते खांद्यापासून सरकत, हात न उचलता. एकदम कुशीवर हात टाकलात तर कुठलीही घोडी दचकेल. तुम्ही स्वतः खांद्याला चिकटून, तोंड शेपटीकडे, दुसरा हात पाठीवर. आणि हे सगळं दुसऱ्या बाजूनंही पहिल्यापासून करा. डावीकडे शिकलेलं उजवीकडे आपोआप येत नाही, घोडा तिकडे जणू नवखाच असतो.

दोन आठवड्यांनंतर प्रामाणिकपणे बघा. कूस अजून जमत नसेल तर जमत नाही. तेव्हाच बाईंना कळवा आणि व्हेटची वेळ घ्या.

आणि त्या गोळ्या मैत्रिणीला परत द्या. दुसऱ्या घोड्याच्या वजनाप्रमाणे दिलेलं, उरलेलं, कोण जाणे कधीचं औषध तुमच्या घोडीला नको. शांत करणाऱ्या काही गोळ्यांचं असं असतं, की घोडा झोपाळू दिसतो पण खरी भीती वाटली तर त्यातूनही उसळतो, आणि माणूस गाफील असतो. गुंगी द्यायची तर व्हेटनं, घोडी तपासून. जिभेखाली घालायची जेल असते, ती लिहून दिली तर हातमोजे घालूनच हाताळा, कारण ते औषध माणसाच्या कातडीतूनही शिरतं. गिळली गेली तर नीट लागू पडत नाही. पूर्ण परिणाम व्हायला साधारण ४० मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ घोडीला शांत, एकटं ठेवायचं. आधीच बिथरलेल्या घोड्यावर ती नीट चढत नाही, म्हणून ‘बघू, लागली तर देऊ’ असं करू नका. गुंगीतला घोडाही लाथ मारतो, आणि त्याआधी काही खूण देत नाही. काही औषधांनी घाम फुटतो, म्हणजे वाळवलेली घोडी पुन्हा ओली. आणि पूर्ण जाग येईपर्यंत वैरण-चंदी काहीच नाही, नाहीतर घास घशात अडकतो. स्पर्धेला नेणार असाल तर तेही व्हेटला सांगा, औषधाचा अंश चाचणीत सापडतो.

सगळं अंग साफ करण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. चार दिवसांच्या रपेटीला पायांचे केस ठेवा, चिखल आणि काट्याकुट्यांपासून तेच वाचवतात. खोगिराखालची जागाही ठेवा. मानेवर, छातीवर, पोटाला आणि बरगड्यांवर घाम येतो, तिथले काढले की तुमचे दोन तास वाचले. खोगिराचा ठसा आदल्या दिवशी तुमच्याच खोगिराभोवती खडूनं आखून ठेवा. उभ्या उभ्या अंदाजानं काढलेला ठसा हमखास एका बाजूला पुढे जातो, आणि मग पुढचे कित्येक आठवडे तिरकं खोगीर घातल्यासारखी घोडी फिरते. कमी कापून घ्यायचा आणखी एक फायदा म्हणजे कूस जमलीच नाही तर रेघ तिच्या वरूनच नेता येते, आणि ते ठरवून केल्यासारखं दिसतं.

नाकातोंडाभोवतीच्या लांब मिशा मात्र कापू देऊ नका. घोड्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही, तिथे तो मिशांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं १ जुलै २०२१ पासून मिशा कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत बंदी केली आहे. कानांच्या आतले केसही राहू द्या.

त्या दिवशीचं थोडक्यात. जागा कोरडी, निसरडी नसलेली, भरपूर उजेडाची, रबरी चटई असली तर उत्तम. वायर पायात येणार नाही अशी, आणि वीज गळाली तर आपोआप बंद होणारं स्विच. सकाळी थोडं चालवून आणा, घाम येऊ न देता. आयाळ वेणी घालून दुसऱ्या बाजूला, शेपटीला पट्टी. सुरू करण्याआधी तिला तिच्या अंथरुणावर थोडा वेळ सोडा, कारण कडक फरशीवर शिंतोडे उडतात म्हणून बरेच घोडे लघवी तुंबवून धरतात आणि मग दोन तासांनी चुळबुळ करायला लागतात. त्याला आपण ‘नखरे’ म्हणतो.

दोर तुम्ही धरा, हेल्मेट आणि हातमोजे घालून. उभं राहायचं ते नेहमी बाई ज्या बाजूला असतील त्याच बाजूला. काही झालं तर मान तुमच्याकडे ओढली की घोडीचं मागचं अंग तुमच्यापासून आणि बाईंपासून दूर जातं. घोडीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून ओढलंत तर तेच मागचं अंग बाईंवर येईल. तिनं शेपूट झटकली, कातडी थरथरवली की मोठ्यानं सांगा. त्या ब्लेड हाताला लावून बघतील, तेल घालतील, थांबतील. तुम्ही त्या दिवशी एवढंच काम करायचं, फोनवर बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत.

झाल्यावर गरम पिळलेल्या टॉवेलनं अंग पुसून घ्या, तुटके केस टोचतात. लगेच झूल घाला. बारीक पुरळ उठलं तर एक-दोन दिवसांत बसतं, नाही बसलं तर दाखवा. वैरण थोडी वाढवा, ती पचताना घोड्याच्या पोटात ऊब तयार होते आणि आता तिच्या अंगावरचा स्वतःचा कोट तुम्ही काढून घेतलाय.

आणि रंग बघून घाबरू नका. केसांची टोकं जितकी गडद असतात तितकी मुळं नसतात, त्यामुळे झगझगीत तांबूस घोडी क्लिपिंगनंतर उंदरासारखी निघते. आठ-दहा दिवसांत रेघाही बुजतात आणि रंगही जरा सावरतो.

जुनी झूल आता ढिली बसेल, पट्टे पुन्हा लावून बघा. पहिल्या रपेटीला निघताना तिच्या पुठ्ठ्यावर हलकी झूल राहू द्या, खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) एकदम आवळू नका, आणि सुरुवातीची दहा मिनिटं नुसती चालवा. उघड्या पाठीला गार वारा लागला की नऊ वर्षांची शहाणी घोडीसुद्धा दुगाण्या झाडते.